रिपोर्ट आला का?

मुंबईच्या माणसाला वाट पाहायची सवय असते, पण ती आकडा समोर असतानाची. फलाटावरचा इंडिकेटर ‘४’ दाखवत असला की आपण निमूट उभे राहतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो. तोच इंडिकेटर बंद पडला की त्याच चार मिनिटांत माणसं वाकून वाकून रुळांकडे बघतात, अनोळखी शेजाऱ्याला विचारतात, घरी फोन लावतात. गाडी यायची तेव्हाच येते. धाकट्या भावाच्या गाठीच्या रिपोर्टची वाट पाहत होतो त्या दिवसांत हे मला सारखं आठवायचं. ज्याचा रिपोर्ट यायचाय त्याला तो कधी येईल आणि कोण समजावून सांगेल, या दोन गोष्टी नीट सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं आहे. ते कसं झालं, ते सांगते.

गाठ मानेवर उजव्या बाजूला, शर्टाच्या कॉलरच्या जरा वर आली. दुखत नव्हती, म्हणून त्यानं आधी मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. जेवण कमी झालं. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. रात्री घामानं बनियन भिजायचं, मग उठून तो दुसरं घालायचा. लालबागच्या त्यांच्या घरात आई पहाटे सगळ्यांच्या आधी उठते. ती दोरीवर टाकलेली ओली बनियनं मोजायची. एकच असलं तर मला फोन करून सांगायची, ‘काल जरा बरी झोप लागली वाटतं त्याला.’ दोन असली की फोन यायचा नाही.

अँटिबायोटिकचा कोर्स झाला, सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली. सुईच्या तपासणीत हाती चार पेशी लागतात; त्यांच्यावरून नेमकं सांगता येत नाही, पूर्ण गाठ काढून तपासा, असा शेरा आला. सर्जननी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. ‘दोन शक्यता आहेत. एक टीबी. दुसरी लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं हे दोन्हींत असतं. त्यामुळे लक्षणांवरून मी अंदाज करणार नाही, तुम्हीही करू नका.’ त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं याचा मला आधारच वाटला. भावानं मान हलवली आणि विचारलं, ‘ऑपरेशननंतर गाडी कधी चालवता येईल?’

घरात मात्र दुसरी शक्यता कुणी तोंडावर आणत नव्हतं. आईचा प्रश्न असायचा, ‘तसलं काही नसेल ना गं?’ आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणायची, ‘जाऊ दे, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ भावजय स्वयंपाकघरात मिक्सर लावून त्या आवाजात तिच्या आईशी फोनवर बोलायची. आणि आम्ही सगळे, अगदी मनापासून, एका गोष्टीची प्रार्थना करत होतो: टीबी निघू दे.

त्याचा अर्थ माझ्या आईला आमच्यापेक्षा जास्त कळत होता. तिची आत्या मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये गेली ती परत आली नाही. आईच्या माहेरी त्या आत्याचा फोटोसुद्धा भिंतीवर लावला नव्हता. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत याच रोगानं गेल्या, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याच्या पाचच वर्षं आधी, 24 मार्च 1882 रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. जंतू कळला होता, औषध नव्हतं. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती लागायला 1943 साल उजाडलं. ज्या रोगाचं नाव आईच्या माहेरी दार लावून घेत, तोच आपल्या मुलाला झालेला असावा म्हणून ती आता देवापुढे हात जोडून बसली होती.

ऑपरेशन परळला झालं. गाठ जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरची. थिएटरच्या दारातून सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या हातात दोन लहान बाटल्या ठेवल्या. दोन्हींवर नाव, वय, ‘उजवी मान’ असं लिहिलेलं. एकीत फॉर्मालिन होतं, दुसरीत सलाइनचं पाणी. सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, ही कॅन्सरसाठी बघायची. आणि ही टीबीच्या जंतूसाठी. अदलाबदल करायची नाही, आणि ही दुसरी लगेच पोचली पाहिजे.’ कारण पुढे कळलं. फॉर्मालिनमध्ये तुकडा टिकतो, पण त्यातले जंतू मरतात. मग ते वाढवून बघता येत नाहीत. सगळाच तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला तर टीबीचा कल्चर रिपोर्ट मिळणंच संपलं. टॅक्सीत मी दोन बाटल्या दोन हातांत धरून बसले होते. उजव्या हातातल्या फॉर्मालिनचा वास झाकणातूनही येत होता. खिडकीबाहेर गिरणीच्या चिमण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर जात होते आणि माझ्या हातात माझ्या भावाचा तुकडा होता. तो लहान असताना आई त्याला माझ्या कडेवर द्यायची आणि म्हणायची, ‘धर नीट.’ ते आठवलं.

लॅबच्या काउंटरवरच्या मुलानं दोन्ही बाटल्यांवर बारकोड चिकटवले, पावती दिली. ‘रिपोर्ट कधी?’ मी विचारलं. ‘चार-पाच दिवस. मेसेज येईल.’ चार की पाच, सुट्टीचा दिवस धरून की सोडून, दोन्ही बाटल्यांचे रिपोर्ट एकदम की वेगवेगळे, हे विचारायला मी तोंड उघडेपर्यंत त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली होती.

आमच्या सोसायटीत एक काकू राहतात. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसले. त्या काळजी करू नकोस म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला त्या तुकड्याचं पुढे काय होतं ते सांगितलं.

फॉर्मालिन तुकड्यात शिरतं ते हळूहळू, तासाला साधारण एक मिलिमीटर. आतपर्यंत पोचलं नाही तर मधल्या पेशी खराब होतात आणि मग डॉक्टरांना काहीच धड दिसत नाही. म्हणून पहिला दिवस तो तुकडा नुसता भिजत पडतो. मग तो चिरून, लहान प्लॅस्टिकच्या जाळीदार डब्यांत घालून, रात्रभर मशीनमध्ये लावतात. चढत्या ताकदीच्या अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. सकाळी मेणाची वडी तयार होते. ती मायक्रोटोमवर लावून तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे वीसएक काप बसतील. कोमट पाण्यावर तो काप तरंगत सोडायचा, सुरकुती न पडता काचेवर उचलायचा. ‘इथेच हात लागतो बघ,’ काकू म्हणाल्या आणि त्यांनी दोन बोटं हवेत अशी फिरवली की ती काच मला दिसली. ‘सुरकुती पडली तर डॉक्टरांना नसलेलं काहीतरी दिसतं.’ मग रंग. हेमॅटॉक्सिलीन हा मूळ मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या खोडातून निघणारा रंग. त्यानं पेशींची केंद्रं निळी-जांभळी होतात. इओसिननं बाकी सगळं गुलाबी. आणि मग कुठे ती काच डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली जाते. शंका आली तर त्याच वडीचे आणखी आतले काप, आणखी वेगळे रंग, त्याला आणखी दिवस.

‘आणि उशीर झाला म्हणजे वाईटच, असं काही नसतं हं,’ त्या म्हणाल्या. ‘आम्ही टेबलावर उशीर करायचो तो खात्री करायला. खात्री दोन्हीकडची असते.’

त्या रात्री मला बऱ्यापैकी झोप लागली. आपल्या भावाचा तुकडा कुठेतरी फायलींच्या ढिगात पडलेला नाही. कुणीतरी तो भिजवतंय, चिरतंय, पाण्यावरून उचलतंय, हे कळल्याचा तो परिणाम होता. लॅबमधल्या कुणी हे पाच मिनिटांत सांगितलं असतं किंवा भिंतीवर चित्रं काढून लावलं असतं तर रोज तिथे येणाऱ्या कितीतरी घरांना अशी एक रात्र मिळाली असती.

पण काळजी अशी कळण्यानं संपत नाही. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं. बँकेचा ओटीपी, गॅसचा नंबर लागल्याचा मेसेज, सोसायटीच्या ग्रुपवर पाणी येणार नसल्याचं. प्रत्येक वेळी आधी पोटात खड्डा आणि मग नाव वाचणं. ऑपरेशनच्या आधी काढलेल्या रक्ताच्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत दोन ‘एच’ (म्हणजे जास्त) आणि एक ‘एल’ (म्हणजे कमी) होते, ते भावजयीनं रात्री बसून एकेक करून इंटरनेटवर शोधले. या ठळक अक्षरांबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. ‘नॉर्मल’ची हद्द बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांपैकी मधले पंचाण्णव टक्के धरून आखलेली असते. म्हणजे धडधाकट माणसांतलेही वीसांतले एक त्या हद्दीबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या तर संपूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक छापून यायची शक्यता 64 टक्के असते. हा साधा हिशोब रिपोर्टच्या तळाशी मराठीत छापला तर किती घरांतली रात्रीची शोधाशोध थांबेल!

2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांवर एक प्रयोग केला होता. पडद्यावर दगड दिसायचे. त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका. त्यांनी घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. झटका बसणारच हे माहीत असताना माणसांवर जेवढा ताण होता त्याहून जास्त ताण झटका बसेल की नाही हे अर्धं-अर्धं असताना होता. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. एका संध्याकाळी भाऊच मला म्हणाला होता, ‘ताई, कॅन्सर तर कॅन्सर, पण सांगून टाका एकदाचं.’ तेव्हा मी त्याला गप्प केलं. तो खरं तेच बोलत होता.

त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अशा दिवसांत पेशंटपेक्षा बाकीच्यांच्याच काळजीची जास्त चर्चा होते. टाके असतानाही तो कामावर गेला. संध्याकाळी आला की मानेवर पट्टी असलेल्या माणसाकडे घरातल्या तीन बायका कशा बघतात ते बघायचा. आई ताटात वाढलेलं किती संपलं ते बघायची, भावजय कपाळाला हात लावायचं निमित्त शोधायची, मी मुलुंडहून रोज यायला लागले होते आणि माझं रोज येणंच त्याला बरंच काही सांगत होतं. एका रात्री जेवताना त्यानं घास खाली ठेवला. ‘तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघणं बंद करा. टीव्ही बघा.’ आईनं खरंच रिमोट घेऊन टीव्ही लावला. आम्ही सगळे बातम्या बघत जेवलो. त्या रात्री तो पोटभर जेवला.

नातेवाईकांचे फोन हे वेगळं प्रकरण. प्रत्येकाचा प्रश्न मायेनंच आलेला असतो, ‘रिपोर्ट आला का?’ पण दिवसातून दहा जणांना ‘नाही अजून’ सांगायचं म्हणजे दहा वेळा त्या जखमेवरची खपली काढायची. शेवटी भावजयीच्या भावानं ते काम अंगावर घेतलं. सगळ्यांना त्याचा नंबर दिला: काही कळलं की हा कळवेल, तोवर फोन नको. ज्यांच्या घरी अशी वेळ आहे त्यांनी पहिल्याच दिवशी असा एक माणूस ठरवावा. त्याच्यासारखी मदत दुसरी नाही.

पट्टी बदलायला भावाला घेऊन परळला गेले होते तेव्हा बाकावर शेजारी धाराशिवकडचं एक जोडपं बसलं होतं. परळचा तो पट्टा म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचा वाट पाहण्याचा पट्टा आहे. केईएम 1926 सालचं, मुलांचं वाडिया 1929 चं, टाटा 1941 चं. चालत जाण्याच्या अंतरात ही सगळी. फुटपाथवर चटया, दोरीवर वाळणारी लुगडी, स्टोव्ह, फायलींच्या पिशव्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. त्या बाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काढलेला होता. त्यांनी पदराखालून फडकं सोडलं, त्यात ज्वारीची भाकरी होती, गावाहून येताना आणलेली, कडक झालेली. नवऱ्यानं ती पाण्यात बुडवून मऊ केली, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि आधी बायकोच्या हातात दिली. मग मला विचारलं, ‘तुमचा आला का रिपोर्ट?’ मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ‘आमाला म्हनले दोन-चार दिसांत या. कालबी गेलो, आजबी गेलो. सोयाबीन उभंय रानात. एक तारीख सांगितली असती तर जाऊन काढून आलो असतो की. हितं रोजचं खानं, ऱ्हानं... गाठीपरीस हेच जड झालंय.’

बाई काही बोलल्या नाहीत. त्या भाकरीचा तुकडा चावत समोरच्या खिडकीकडे बघत होत्या, जिथे रिपोर्ट मिळायचे.

मी मुलुंडला घरी जाऊन पंख्याखाली झोपणार होते. त्यांची वाट पाहणी रोजच्या रोज पैसे मागत होती, आणि रानातलं पीक वाट बघायला तयार नव्हतं. मला वाटतं, निदानाला किती दिवस लागतात यावर आपल्याकडे थोडंफार बोलणं होतं. ते दिवस पेशंटनं कुठे, कशावर काढायचे यावर होत नाही. गावी परत जाता येईल का, रिपोर्ट फोनवर सांगता येईल का, तालुक्याच्या डॉक्टरकडे पाठवता येईल का, एवढं विचारणारं कुणी खिडकीत असेल तर त्या फुटपाथवरच्या काही चटया तरी उचलल्या जातील.

आमचा रिपोर्ट आला तो शनिवारी रात्री साडेदहानंतर, मोबाइलवर पीडीएफ म्हणून. भावजयीनं उघडला. सगळा इंग्रजीत. तिनं मला फोनवर एकेक शब्द वाचून दाखवला: ‘नेक्रोटायझिंग ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन’, आणि खाली, ‘प्रोव्हिजनल रिपोर्ट, स्पेशल स्टेन्स अवेटेड’. नेक्रोसिस म्हणजे पेशी मरणं, एवढं तिनं शोधून काढलं होतं. पेशी मेल्या आहेत आणि आणखी खास तपासण्या लावल्या आहेत. रात्री अकराला याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी एकच लावला. लॅबचा फोन बंद. सर्जन सोमवारी भेटणार. मागून आईचा आवाज येत होता, ‘काय म्हणतायत? काय म्हणतायत?’

मी काकूंना उठवलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, ‘निदान मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण शब्दांचा अर्थ सांगते. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरानं कशाला तरी घेरून पेशींची केलेली गाठोळी. आणि स्पेशल स्टेन म्हणजे बहुतेक जंतू शोधायचे रंग. झील-नील्सनच्या रंगात टीबीचे जंतू लाल दिसतात. घाबरायचा शब्द मला यात ऐकू आला नाही. सोमवारी डॉक्टरांकडून ऐक.’ हे मी तसंच्या तसं लालबागला सांगितलं. आईनं विचारलं, ‘म्हणजे तसलं नाही?’ मी म्हटलं, ‘सोमवारी कळेल.’ ते वाक्य बोलायला मला जेवढं बळ लागलं तेवढं त्या सगळ्या दिवसांत कशालाच लागलं नाही.

रिपोर्ट पेशंटचा आहे आणि तो लगेच बघायचा हक्क त्याचा आहे, हे मला मान्य आहे. कुणी तो दडवून ठेवावा असं मी म्हणत नाही. पण ‘तयार झाला की लगेच पाठवू, की डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी देऊ?’ हा प्रश्न सॅम्पल घेतानाच विचारता येतो. ज्याला रात्री वाचायचाय त्यानं वाचावा. आम्ही सोमवार मागितला असता.

सोमवारी सर्जननी आम्ही खुर्च्यांवर टेकायच्या आत पहिलं वाक्य उच्चारलं. ‘कॅन्सर नाही. टीबी आहे, आणि तो बरा होतो.’ मगच त्यांनी कागद उघडला. सलाइनच्या बाटलीतल्या तुकड्यावर जीनएक्स्पर्टची तपासणी झाली होती. मशीनमध्ये ती दोनेक तासांत होते आणि जंतू आहेत का यासोबत रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, तेही सांगते. जंतू होते, औषध चालणार होतं. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी पुष्कळ आहे, त्यामुळे ही दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची, असं ते म्हणाले. फुप्फुसं स्वच्छ होती, म्हणजे घरातल्यांना त्याच्यापासून लागण व्हायची भीती नव्हती. गोळ्या सहा महिने, एकही दिवस न चुकवता. लघवी नारिंगी होईल, तो औषधाचा रंग आहे, घाबरू नका. 2012 पासून प्रत्येक टीबी रुग्णाची सरकारकडे नोंद करावी लागते, ती ते करणार होते, आणि पोषणासाठी सरकार महिन्याला हजार रुपये खात्यात टाकतं त्याचा अर्जही तिथेच भरून घेतला.

आईनं डॉक्टरांपुढे हात जोडले. बाहेर आल्यावर तिनं पिशवीतून साखरेची पुडी काढली. सकाळीच बांधून आणली होती. भावाच्या, भावजयीच्या, माझ्या, पट्टी बदलणाऱ्या सिस्टरच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. सिस्टरनी विचारलं, ‘कशाबद्दल आजी?’ आई म्हणाली, ‘मुलाला टीबी आहे.’ आणि मग ती रडली, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

मी बाकांकडे बघितलं. धाराशिवचं ते जोडपं तिथे नव्हतं. त्यांना तारीख मिळाली असेल, रिपोर्ट मिळाला असेल, की सोयाबीनसाठी निघून गेले असतील, कळायला मार्ग नाही. त्या बाई कशा असतील हा विचार अजूनही येतो.

यानंतर खरं तर आणखी एक रिपोर्ट यायचा होता, कल्चरचा. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. लॅब त्याची 42 दिवसांपर्यंत वाट बघते आणि मगच ‘वाढला नाही’ असं लिहिते. म्हणजे पहिल्यापेक्षा कितीतरी लांबची वाट. पण डॉक्टरांनी कॅलेंडरवर एका तारखेला गोल करून दिला होता. त्या दिवसापर्यंत काही विचारायचं नाही, उपचार चालूच राहतील, त्या दिवशी मी स्वतः फोन करीन, असं सांगितलं होतं. आणि खरोखर, लालबागच्या घरात त्या रिपोर्टवरून एकही रात्र जागली गेली नाही. माणसं तीच होती, रोगही तोच. तारीख आणि फोन करणारा माणूस माहीत होता. ठरल्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा भाऊ कामावर होता. त्यानं ‘बरं डॉक्टर’ म्हटलं आणि संध्याकाळी घरी आल्यावर सांगितलं.

लॅबला कायम नेमका दिवस सांगता येणार नाही, हे मी काकूंकडून ऐकलंच होतं. शंका आली तर जास्त रंग लावावे लागतात, हाडाचा तुकडा असेल तर तो मऊ करण्यातच दिवस जातात. पण ‘गुरुवारपर्यंत देतो, जास्त तपासण्या लागल्या तर गुरुवारी फोन करून तसं कळवतो’ एवढं म्हणायला नवीन मशीन लागत नाही. त्यासाठी एक वही, एक फोन आणि त्या कामासाठी नेमलेला एक माणूस पुरेल.

गेल्या आठवड्यात काकूंनी बेल वाजवली. हातात पाकीट होतं. त्यांच्या मॅमोग्राफीत ‘4ए’ आलंय. त्यांनीच मला समजावलं: संशय आहे पण कमी, शंभरात दोन ते दहा जणींना कॅन्सर निघतो, म्हणून सुईनं तुकडा काढतात. मंगळवारी काढायचाय. मी म्हटलं, ‘काकू, तुम्हाला तर यातलं सगळं माहीत आहे.’ त्या सोफ्यावर बसल्या आणि पाकीट मांडीवर धरून म्हणाल्या, ‘माहीत आहे म्हणूनच तुला बोलवायला आले. काच कुठल्या टेबलावर असेल ते मला इथे बसून दिसत राहणार.’

आम्ही दोघी जाऊन विचारून आलो. तुकडा मंगळवारी सकाळी साडेनऊला. रिपोर्ट पुढच्या सोमवारी संध्याकाळी साडेपाचला डॉक्टर स्वतः समोर बसवून सांगणार, त्याआधी मोबाइलवर पाठवायचा नाही असं अर्जावर लिहून दिलं आहे, आणि उशीर होणार असेल तर त्याच दिवशी दुपारी दोनच्या आत माझ्या नंबरवर फोन येईल. सोमवारचा हाफ डे मी टाकला आहे. भाऊ म्हणाला, ‘ताई, काकूंना मी गाडीनं नेतो, टॅक्सी नको.’